कादंबरी एकाच पिशवीत

प्रश्न: मी वणी तालुक्यातल्या खेड्यात राहते. कादंबरीची २०० पानं लॅपटॉपवर आहेत, एक कॉपी पेनड्राइव्हवर. लाइन सारखी जाते. एवढं पुरेल का?

उत्तर: ताई, दोन्ही एकाच पिशवीत असतील तर नाही. माझ्या दोन कथा अशाच बसमध्ये विसरल्या, चूक माझीच. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, १५ जीबी जागा फुकट मिळते. नुसत्या मजकुराची फाइल इवलीशी, गावच्या रेंजवरही चढते. गूगलच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवावी लागते. पेनड्राइव्ह माहेरी ठेवा, पण पोळ्याला, दिवाळीला गेलात की फाइल उघडून पाहा; कॉपी झालेली फाइल उघडतेच असं नाही. आणि जुनीवर नवी चढवू नका, नावात तारीख टाका. खोडलेलं प्रकरण कधीतरी परत हवंसं वाटतंच.