ऑफिसातला मेल सर्व्हर: बॅकअप डिस्कवर घ्यावा की ऑनलाइन?

पंधरा जणांचं ऑफिस, पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं) आणि डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारं) या सॉफ्टवेअरवर चालणारा स्वतःचा सर्व्हर, सुमारे २०० जीबी मेल, आणि बाहेरची एक डिस्क पुरेल की ऑनलाइन बॅकअपही हवा, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, दोन्ही हवेत. दोघांची कामं वेगळी आहेत.

रोजची दुखणी डिस्कवर निभावतात. कुणीतरी चुकून अख्खं फोल्डर उडवतं आणि धावत येतं. डव्हकॉट मेलडिर पद्धतीने चालत असेल तर प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. तेवढं फोल्डर डिस्कवरून उचलून आणलं की काम झालं. सर्व्हरची हार्डडिस्क गेली तरी हीच डिस्क आधी हाताशी येते. २० एमबीपीएसच्या लाइनवर २०० जीबी उतरवायला सलग २२ तास लागतात, तेवढा वेळ ऑफिस थांबत नाही.

पण डिस्क सर्व्हरशेजारीच असते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं सगळं एकदमच बुडालं. म्हणून दुसरी प्रत गावाबाहेर हवी. सर्व्हर भाड्याचा असेल तर ती प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांना काहीच परत मिळालं नाही.

रात्री नुसतं आरसिंक (फाइलींची जशीच्या तशी नक्कल करणारं साधन) लावून निर्धास्त होऊ नका. त्यात डिलीटचा पर्याय चालू असेल तर सर्व्हरवरून उडालेला मेल त्याच रात्री डिस्कवरूनही उडतो. मी रिस्टिक हे बॅकअपचं साधन वापरतो: एक रिपॉझिटरी (प्रतींचा साठा) डिस्कवर, एक ऑनलाइन, रोजच्या ३० आणि महिन्याच्या १२ प्रती. पहिल्या खेपेनंतर फक्त बदललेला भाग जातो, आणि तोही आपल्याकडूनच एन्क्रिप्ट होऊन. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ऑफिसबाहेर ठेवा. तो हरवला तर बॅकअप कुणालाच उघडता येत नाही. ऑनलाइन जागेवर ऑब्जेक्ट लॉकची सोय असेल तर चालू करा, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरलेल्याला ठरावीक मुदतीपर्यंत जुन्या प्रती पुसता येणार नाहीत.

आता जे बहुतेकांचं राहून जातं ते. मेलच्या फोल्डरसोबत ईटीसी फोल्डर (सर्व्हरच्या सेटिंग्जचं), डीकेआयएमची खाजगी की (जाणाऱ्या मेलवर डोमेनची सही करणारी) आणि वापरकर्त्यांच्या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्याच. एका ऑफिसात मी मेल सगळे परत आणले आणि घाईत सर्व्हर चालू केला. वापरकर्त्यांचा तक्ता रिकामा होता. येणाऱ्या प्रत्येक मेलला पोस्टफिक्सने ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून ५५० चं, म्हणजे कायमच्या नकाराचं, उत्तर दिलं, आणि ते मेल पाठवणाऱ्यांकडे कायमचे परत गेले. त्यात एका ग्राहकाची ऑर्डर होती. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

सर्व्हर पूर्ण बंद असता तर हे झालं नसतं. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत धरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. तेव्हा दर तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या पीसीवर सगळं परत उभं करून लॉगिन होतंय का बघा. आणि खरी वेळ आली तर आधी वापरकर्ते, मग मेल, आणि बाहेरून मेल येण्याचं दार, म्हणजे पोर्ट २५, सगळ्यात शेवटी उघडा.