शिळाछापाचे चित्र कोरतात की काढतात?

चित्रकार राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या जुन्या शिळाछाप (दगडी शिळेवरून छापलेल्या, म्हणजे लिथोग्राफीच्या) चित्राविषयी लिहिताना ‘दगडावर कोरून छापलेले’ असे म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये.

हा घोटाळा बहुधा ‘शिलालेख’ या शब्दामुळे होत असावा. शिला आणि शिळा ही एकाच शब्दाची रूपे खरी, पण शिलालेखात छिन्नी आहे, शिळाछापात ती नाही. बव्हेरियात १७९६च्या सुमारास आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेली ही पद्धत तेल आणि पाणी यांचे जमत नाही एवढ्यावर चालते. घोटून सपाट केलेल्या चुनखडीच्या शिळेवर मेणचट खडूने चित्र उलटे काढायचे, नायट्रिक आम्लाचे काही थेंब घातलेले डिंकाचे पाणी त्यावर फासायचे आणि मग शिळा ओली ठेवून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवायचा, की शाई खडूच्या रेघांना धरते आणि ओल्या भागावर बसत नाही. आम्लाचे नाव आले की दगड खोदला गेला असे वाटते. इथे मात्र मोकळ्या जागेने पाणी धरून ठेवावे इतकेच त्याचे व डिंकाचे काम. शिळेवरून तळहात फिरवला तर खाच लागत नाही, आणि छपाई संपली की तीच शिळा घासून दुसऱ्या चित्राला घेता येते.

लाकडी ठशाची गोष्ट वेगळी. तिथे नको तो भाग खरोखर कोरून काढतात, म्हणून ‘कोरणे’ तिथे चपखल बसते.

कोणी व्युत्पत्ती पुढे करील, आणि तिच्यात गंमत आहेच: ‘लिहिणे’च्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘लिख्’ धातूचा जुना अर्थ ओरखडणे असा आहे, आणि ‘लिथोग्राफी’तल्या ग्रीक क्रियापदाचाही तोच. पण म्हणून पाटीवर पेन्सिलीने लिहिणाऱ्या मुलाला आपण कोरणारा म्हणत नाही.

१८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या त्या छापखान्यात रंगागणिक वेगळी शिळा लागे. तिथले देवीचे चित्र भिंगाखाली धरल्यास तिच्या गालावर निरनिराळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसतात. तेव्हा ‘अनेक शिळांवरून छापलेले’ असे लिहावे, किंवा नुसते ‘रंगीत शिळाछाप’.