वाचकांचे प्रश्न : ग्राहक तेल कोणत्या शब्दांत शोधतो?

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमचा लाकडी घाणा असून आम्ही करडई, शेंगदाणा आणि तीळ यांचे तेल काढतो. दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ तयार करून घेतले, परंतु त्यावरून महिन्याकाठी एखाददुसरीच मागणी येते. ते करून देणाऱ्याने ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘आरोग्यदायी’ असे साठेक कीवर्ड (शोधासाठीचे शब्द) पानांच्या आत भरले आहेत. आणखी शब्द भरावेत का? योग्य शब्द शोधायचे कसे?

उत्तर : आणखी शब्द भरू नयेत, आहेत तेही काढून टाकले तरी काही बिघडणार नाही. वाचकाला न दिसणारी कीवर्डची जी यादी पानाच्या कोडमध्ये भरली जाते, ती शोधाच्या निकालांचा क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. शिवाय ‘शुद्ध’ आणि ‘आरोग्यदायी’ हे विकणाऱ्याचे शब्द आहेत. ज्याला तेल घ्यायचे आहे, तो ‘करडई तेल ५ लिटर किंमत’ असे काहीतरी टाइप करतो, आणि तेही पुष्कळदा रोमन लिपीत, जसे सुचेल तसे स्पेलिंग करून.

हे शब्द शोधण्यासाठी लगेच एखादे महागडे साधन विकत घेण्याची गरज नाही. आपले संकेतस्थळ गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सेवेला जोडून घ्यावे. लोकांनी काय शोधले असता आपले पान समोर आले, किती वेळा आले, कितव्या क्रमांकावर आले आणि किती जणांनी ते उघडले, हे तेथे दिसते. पूर्वीच जोडलेले असेल तर १६ महिन्यांपर्यंतची नोंद पाहता येते. जे शोध पुष्कळदा आपल्या पानापर्यंत येतात पण ज्यांतून कोणी पान उघडत नाही, ते आधी वाचावेत. तेथे बहुधा पानाचे शीर्षक आणि माणसाचा प्रश्न यांची गाठ पडलेली नसते.

दुसरे साधन आपल्या घाण्यावरच आहे. फोनजवळ एक वही ठेवावी आणि पंधरा दिवस प्रत्येक विचारणा, ती करणाऱ्याच्याच शब्दांत, जशीच्या तशी उतरवावी. ‘डबा केवढ्याला?’, ‘तळणीला चालतं का?’, ‘खाली गाळ बसलाय, खराब तर नाही ना?’, ‘पुण्याला घरपोच देता का?’ या वाक्यांचे मोल मला कोणत्याही तयार अहवालापेक्षा अधिक वाटते. ग्राहक ‘डबा’ म्हणतो आणि आपल्या पानावर ‘१५ लि. पॅक’ लिहिलेले असते. तो गाळाबद्दल विचारतो आणि आपण त्याला घाण्याची परंपरा सांगत बसतो.

मात्र जो शब्द जास्त शोधला जातो तो आपल्या कामाचाच असेल, असे समजू नये. नुसते ‘करडई’ शोधणारा माणूस कोवळ्या पानांच्या भाजीची कृती शोधत असेल, रब्बीच्या पेरणीची माहिती हवी असलेला शेतकरी असेल, किंवा बाजारभाव पाहणारा व्यापारी असेल. ‘कच्ची घाणी’ हा शब्द तर बाजारात मोहरीच्या तेलाशी इतका जोडला गेला आहे की, त्यावरून येणारा बराचसा वर्ग आपल्याकडे न मिळणारी वस्तू मागत येईल. त्यामुळे प्रत्येक शब्दापुढे वहीत लिहावे की, हा शोधणाऱ्याला नेमके काय हवे आहे आणि ते आपण देतो का. ‘करडईची पेंड’ हा शोध मात्र सोडू नये. घाण्यावर पेंड निघतेच, जनावरांसाठी ती घेणारा शेतकरी जवळपासचाच असतो, आणि आपल्या संकेतस्थळावर तिचा उल्लेखही नसेल.

एखादा शब्द किती शोधला जातो याचा अंदाज देणारी गूगलची ‘कीवर्ड प्लॅनर’ आणि ‘ट्रेंड्स’ ही साधने नंतर वापरावीत. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला पहिल्यात शोधांच्या नेमक्या संख्येऐवजी ढोबळ टप्पे दिसतात. दुसऱ्यातील ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसून तुलनेचे प्रमाण असते. ‘करडई’ आणि ‘करडी’ यांपैकी कोणते रूप अधिक चालते, एवढे पाहण्यास ती पुरेशी आहेत.

आता शब्द मिळाल्यावर ते कोठे घालायचे, हा प्रश्न. माझ्या मते संकेतस्थळाची मांडणीच त्यांच्यावरून बदलावी. ‘आमची वाटचाल’ आणि ‘उत्पादने’ या शीर्षकांऐवजी ‘करडई तेल’, ‘शेंगदाणा तेल’, ‘तीळ तेल’, ‘पेंड’, ‘आजचे दर’ आणि ‘घरपोच’ अशी शीर्षके ठेवावीत. प्रत्येक तेलाला स्वतंत्र पान द्यावे, त्यात दर उघडपणे लिहावा आणि तळण, साठवण, गाळ यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर द्यावीत. ‘दरासाठी संपर्क करा’ हे वाक्य वाचून फोन करण्यापेक्षा परत फिरणारेच अधिक, असा माझा अनुभव आहे. ‘सॅफ्लॉवर’ (करडई) आणि ‘कोल्ड प्रेस्ड’ (न तापवता काढलेले) हे शब्दही वाक्याच्या ओघात एकदोनदा यावेत, कारण शहरातील ग्राहक तेच वापरतो. एकच शब्द प्रत्येक ओळीत कोंबणे हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेच, पण ते वाचणाऱ्यालाही जाचते. लोक ‘कोलेस्ट्रॉल कमी करणारे तेल’ शोधतात म्हणून तसा दावा आपल्या पानावर करणे मला मुळीच मान्य नाही.

बदल झाल्यावर संकेतस्थळ कधी न पाहिलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या हाती फोन द्यावा, ‘पाच लिटर करडई तेलाचा दर शोधून दाखवा’ एवढेच सांगावे आणि शेजारी गप्प बसावे. त्यांचे बोट जेथे अडखळेल, तेथे दुरुस्ती करावी.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने पुस्तकांची संपूर्ण यादी संकेतस्थळावर टाकली आहे. तरीही पुस्तकाचे नाव गूगलवर शोधले असता आमचे पान कधीच येत नाही. असे का होते?

उत्तर : यादीतील एक ओळ कॉपी करून फोनवरच्या संदेशात चिकटवून पाहावी. मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर यादी युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठी संगणकांची सामाईक पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. ती पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तो निरर्थक अक्षरांचा समूह असतो. मग कोणी कितीही नेमके शब्द शोधले तरी ते जुळणार कसे? ओळ कॉपीच होत नसेल, तर यादी छायाचित्राच्या रूपात असण्याचा संभव आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, परंतु त्यानंतर रफार आणि जोडाक्षरे माणसाने वाचून तपासावीच लागतात. यादी छायाचित्रात असेल, तर ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावी. हे काम करतानाच नावांची रूपेही नोंदवावीत. ‘कुसुमाग्रज’ शोधणारा आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ शोधणारा एकाच कपाटापाशी पोहोचला पाहिजे, म्हणून लेखकाच्या रकान्यात दोन्ही नावे असावीत. आद्याक्षरांमध्ये कोणी टिंब देतो, कोणी देत नाही, कोणी मध्ये जागा सोडतो. यादीतील शोधपेटीने हे सारे प्रकार एकच मानावेत, असे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यास सांगावे. शोधपेटीत जे शब्द टाकूनही काही सापडले नाही, त्यांची नोंद तो ठेवू शकतो. ती नोंद दर महिन्याला ग्रंथपालांना द्यावी. तिच्यात आपल्या यादीतील चुका दिसतील, आणि वाचक मागत असलेली पण आपल्या वाचनालयात नसलेली पुस्तकेही दिसतील.