शाळा शोधू नका, स्टेशन शोधा

वैशालीताई, नमस्कार.

लीड्सला फिजिक्सच्या पीजीसीईला, म्हणजे शिक्षक व्हायच्या वर्षभराच्या कोर्सला, प्रवेश मिळाला, आधी अभिनंदन. तुमचे प्रश्न तीन. प्रॅक्टिसच्या शाळा नाशिकहूनच ई-मेल करून ठरवाव्यात का? घर त्या शाळेजवळ बघावं का? आणि मिस्टरांना नि सहा वर्षांच्या लेकीला बरोबर नेता येईल का? मी मूळची सांगलीची. हाच कोर्स वेस्ट यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्याच भागात, केला आणि आता इथेच एका शाळेत फिजिक्स शिकवते. तिन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच आहे, पण तेवढ्यावर तुमचं भागणार नाही.

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं गणित त्यावर आहे. जानेवारी २०२४ पासून वर्गात बसून शिकायच्या कोर्सेसच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं बरोबर आणता येत नाहीत. सवलत आहे ती संशोधनाच्या पदव्यांना. पीजीसीई तीत येत नाही. एजंट काहीही सांगो, लेक वर्षभर तिकडेच राहणार हे धरून चाला. सुट्टीत व्हिजिटर व्हिसावर दोघं येऊन जाऊ शकतील, तो वेगळा अर्ज. हे ऐकून निघायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण निघालात तर तुम्हाला घर शोधायचं नसून एक खोली शोधायची आहे, आणि ते बरंच सोपं काम आहे.

जाता जाता एक. तुम्ही क्लासमध्ये शिकवता आणि बी.एड. नाही, म्हणून पीजीसीई ठीकच. पण तुमची कुणी मैत्रीण बी.एड. असेल आणि तिला शाळेत शिकवल्याचा अनुभव असेल, तर तिला सांगा. गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना २०२३ पासून इंग्लंडच्या क्यूटीएससाठी, म्हणजे शिक्षक म्हणून मिळणाऱ्या मान्यतेसाठी, थेट अर्ज करता येतो. एवढी फी भरण्याआधी तिने तो रस्ता बघावा.

आता शाळा. आपल्याकडे बी.एड.च्या मुली सरावपाठासाठी ओळखीच्या मुख्याध्यापकांना गाठतात, तसं इथे चालत नाही. प्लेसमेंट, म्हणजे सरावाची शाळा, विद्यापीठ देतं. त्यांचे ठरावीक शाळांशी करार असतात, त्या शाळांत शिकाऊ शिक्षकांसाठी मेंटॉर नेमलेले असतात, आणि जागांची वाटणी प्लेसमेंट ऑफिसातली दोन-तीन माणसं एका भल्यामोठ्या तक्त्यावर करत असतात. तुम्ही परस्पर शाळेला लिहिलंत तर शाळा ती मेल विद्यापीठाकडेच पाठवते आणि पहिल्याच महिन्यात तुमचं नाव जरा वेगळ्या कारणाने लक्षात राहतं. नियम असा की वर्षभरात किमान १२० दिवस शाळेत काढायचे आणि तेही किमान दोन शाळांत. एक साधारण ऑक्टोबरपासून, दुसरी नव्या वर्षात. म्हणजे पहिल्या शाळेच्या दारात घर घेतलंत तरी चार महिन्यांनी ती शाळा बदलणार. आणि कुठली शाळा हे कळेपर्यंत घराचा करार कधीच होऊन गेलेला असतो.

मग आपल्या हातात काय उरतं? प्लेसमेंट ऑफिसचा एक फॉर्म. उन्हाळ्यात कधीतरी येतो, साधा दिसतो, आणि आपण तो दहा मिनिटांत भरून टाकतो. मी तसाच भरला. त्यात एक प्रश्न होता: गाडी चालवता का? मी ऐटीत "हो" लिहिलं. लायसन्स होतंच. प्रत्यक्षात सांगलीत मी आयुष्यभर अ‍ॅक्टिव्हा चालवली, चारचाकी परीक्षेपुरती. पण तक्ता भरणाऱ्या बाईंना अ‍ॅक्टिव्हा कशी दिसणार? त्यांनी "हिच्याकडे गाडी आहे" असं धरून मला किथली गावाच्याही पुढे, टेकडीवरची शाळा दिली. मी राहत होते हेडिंग्लीत, कारण भारतात असताना लीड्समधलं तेवढं एकच नाव मला माहीत होतं. का ते सांगायला नको, नवऱ्याच्या क्रिकेटमुळे. हेडिंग्लीला स्टेशन आहे, पण ते हॅरोगेटच्या लाईनवर. किथलीची लाईन वेगळी. लीड्समध्ये मेट्रो नाही, ट्राम नाही. त्यामुळे पहाटे बस पकडून लीड्स स्टेशन, तिथून ट्रेनने किथली, पुढे आणखी एक बस, आणि शेवटचा चढ पायी. डिसेंबरात इथे आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो. त्या महिन्यात शनिवार-रविवार सोडून मी माझी खोली उजेडात पाहिली नाही. एकदा ट्रेनमध्ये लेसन प्लॅन तपासता तपासता झोप लागली आणि डोळे उघडले ते थेट स्किप्टनला, म्हणजे लाईनच्या टोकाला. वर्तुळाकार गतीचा पाठ होता, तो माझ्याशिवाय झाला.

तेव्हा फॉर्म नीट भरा. गाडी नसेल तर "लायसन्स आहे, गाडी नाही, घेणारही नाही" असं सरळ वाक्य लिहा. दम्याचा त्रास, पाठीचं दुखणं, काही असेल ते लिहा, त्यात कमीपणा नाही. घराचा पत्ता ठरला नसेल तर निदान कुठल्या भागात बघताय ते लिहा, नाहीतर ते विद्यापीठाचाच पोस्टकोड धरतात. पत्ता बदलला की त्याच दिवशी कळवा. बऱ्याच विद्यापीठांच्या लेखी एका बाजूला दीड तासाचा प्रवास चालण्यासारखा असतो, त्यामुळे शाळा मिळाल्यावर "लांब पडते" एवढ्याने काही हलत नाही. "पहिली बस या वेळेला सुटते, ती धरूनही मी साडेआठच्या आत पोचत नाही" असं वेळापत्रकासकट लिहिलं, तर हलतं. मी ते डिसेंबरात लिहिलं, ऑक्टोबरातच लिहायला हवं होतं. दुसरी शाळा मात्र वेकफिल्डच्या बाजूची मिळाली, लीड्स स्टेशनवरून थेट गाडी.

म्हणून माझं म्हणणं: शाळा कुठेही मिळो, तिकडे निघणाऱ्या गाड्या जिथून सुटतात त्याच्याजवळ राहा. मुंबईत नोकरी कुठे लागेल ते माहीत नसताना माणूस दादर बघतो, तसंच. इथलं दादर म्हणजे लीड्स स्टेशन. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांत खोली मिळाली तर उत्तम, पण ती महाग. माझी दुसरी निवड शिप्ली. नाव फारसं कुणी घेत नाही, पण त्या स्टेशनातून लीड्स, ब्रॅडफर्ड आणि स्किप्टन अशा तिन्ही बाजूंना गाड्या जातात, आणि खोल्या लीड्सच्या मध्यवस्तीपेक्षा स्वस्त. विद्यार्थ्यांसाठीचं रेलकार्ड काढा, पण त्याच्या भरवशावर खर्चाचा हिशोब करू नका. सकाळी दहाच्या आधी त्याला किमान भाड्याची अट असते, आणि तुमची गाडी रोज सकाळचीच असणार. त्यापेक्षा बस आणि ट्रेन दोन्हीला चालणारा महिन्याचा पास बघा.

विद्यापीठाच्या हॉस्टेलबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. पीजीसीई सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सुरू होतो आणि हॉस्टेलचे करार बऱ्याचदा महिन्याच्या मध्यावर किंवा शेवटी सुरू होतात. मधले दिवस कुठे राहायचं हे आधी विचारून ठेवा. शिवाय भिंतीपलीकडे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं रात्री दोनपर्यंत जागी असतात आणि तुम्हाला पाचला उठायचं असतं. माझ्या मते पहिले पाच-सहा आठवडे एखाद्या कुटुंबात लॉजर म्हणून, म्हणजे मालकाच्याच घरात एक खोली घेऊन, राहावं, महिन्याच्या बोलीवर, आणि पहिली शाळा कळल्यावरच पुढचं ठरवावं. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर मालकाने दार उघडून दाखवल्याशिवाय, एक पौंडही पाठवू नका.

नियमाने भाडेकरू म्हणून राहाल तेव्हा डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि मालकाने ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवलंच पाहिजे. याचा मला फायदा झाला. खोली सोडताना एजंटाने ओट्यावरच्या हळदीच्या डागासाठी अख्खा ओटा बदलायचा खर्च कापला. मी राहायला आले त्याच दिवशी काढलेले फोटो होते, त्यात तो डाग पिवळाधमक दिसत होता. आधीचा भाडेकरूही आपल्यातलाच असणार! स्कीमकडे तक्रार केली, पैसे लागले नाहीत, आणि बरीचशी रक्कम परत आली. गॅरंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरायची हमी देणारा माणूस, बहुधा यूकेमध्ये राहणाराच मागतात. चुलतभाऊ, मैत्रिणीचा नवरा, जो कुणी असेल त्याच्याशी आत्ताच बोला.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, नाही, पण घरातले सगळेच विद्यार्थी असतील तर. नोकरी करणाऱ्यांबरोबर घर वाटून घेतलंत तर त्या घराला बिल येतं. ते कोण भरणार हे खोली घेण्याआधी स्पष्ट करून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. डीबीएस तपासणी, म्हणजे आपल्या नावावर गुन्हा नाही ना याची सरकारी तपासणी, झाल्याशिवाय शाळेत पाऊल टाकता येत नाही आणि तिच्यात गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते महिन्यांसकट लागतात. माहेर, सासर, भाड्याचा फ्लॅट, सगळे एका कागदावर मांडून ठेवा. पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्स भारतातून निघण्याआधीच घ्या, इथून मागवणं फार जिकिरीचं होतं.

आणि लेकीचा फोन. हिवाळ्यात नाशिक इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. मुलं सव्वातीनला सुटली तरी तुम्ही साडेचारच्या आत निघत नाही, आणि वर तासाभराचा प्रवास असेल तर घरी पोचेपर्यंत तिकडे अकरा वाजलेले असतात. ती झोपलेली असणार. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. आम्ही जेवणाच्या सुट्टीतली वेळ धरली होती: इथले साडेबारा, तिकडचे सहा. वर्गात आणि कॉरिडॉरमध्ये फोन काढायचा नसतो, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात लॅबमागच्या प्रेप रूममधल्या टेक्निशियन बाईंना विचारलं. त्यांनी पॉवर सप्लायचे खोके सरकवून खिडकीपाशी एक स्टूल ठेवलं. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात विचारा.