‘शोचिपिल्ली’ की ‘झोचिपिली’?

प्रश्न असा आला आहे: मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या फुलांच्या देवाचं नाव मराठीत कोणी ‘झोचिपिली’ लिहितं, कोणी ‘क्झोचिपिली’. बरोबर काय? आणि त्याला ‘पुष्पकुमार’ किंवा ‘आरोग्यदेव’ म्हटलं तर चालेल का?

‘शोचिपिल्ली’ लिहावं. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी नाहुआत्ल भाषा रोमन लिपीत उतरवली, तेव्हा त्यांच्या स्पॅनिशमध्ये ‘एक्स’ या अक्षराचा उच्चार ‘श’ होता. पुढे स्पॅनिशचा उच्चार बदलला, लेखन मात्र तसंच राहिलं. आज मेक्सिकोत शोचिमिल्को या गावाला सर्रास ‘सोचिमिल्को’ म्हणतात, तो स्पॅनिश बोलणाऱ्यांचा उच्चार. ‘झ’ला मात्र कुठलाच आधार नाही, तो इंग्रजी वाचनातून आला.

जोड ‘ल्ल’ही हौसेचा नाही. शोचित्ल म्हणजे फूल. समासात त्याचा ‘त्ल’ हा प्रत्यय गळतो आणि ‘शोचि’ उरतं. पुढचा शब्द पिल + ली. हा ‘ली’ म्हणजे तोच प्रत्यय वेगळ्या रूपात, म्हणून एक ‘ल’ खाल्ला की शब्दाची फोडच बिघडते. पिल्ली म्हणजे मूल आणि उमरावही. आपल्या ‘कुमार’मध्ये मुलगा आणि राजपुत्र असे दोन्ही अर्थ असल्यामुळे ‘पुष्पकुमार’ हा अर्थ म्हणून छान बसतो. नाव म्हणून वापरू नये. वाचकाला लगेच पुष्पधन्वा मदन आठवतो आणि गल्लत होते.

हे फूल नुसतं शोभेचं नाही. नाहुआत्लमध्ये ‘फूल आणि गाणं’ ही जोडी उच्चारली की अर्थ होतो कविता. त्लाल्मानाल्कोला सापडलेली शोचिपिल्लीची मांडी घातलेली दगडी मूर्ती मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. तिच्या अंगभर वनस्पती कोरल्या आहेत. भूछत्रांचे अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी त्यांत तंबाखू, ओलोलिउह्की ही वेल आणि भ्रम आणणारी भूछत्रं ओळखली. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण मूर्तीचा वर वळलेला चेहरा पाहिला की मला तरी पटतं.

‘आरोग्यदेव’ मात्र नको. हा कडक देव. त्याच्याच जवळचा माक्विलशोचित्ल, म्हणजे ‘पाच-फूल’. सहागुन या पाद्र्याने नोंदवलंय की उपासाच्या दिवसांत संग केला तर हा देव गुप्तांगाचे रोग, मूळव्याध मागे लावी. मग बरं होण्यासाठी त्यालाच नवस बोलायचा. दुखणं देणारा तोच आणि काढून घेणाराही तोच. ‘आरोग्यदेव’मध्ये यातला अर्धाच भाग येतो.

जाता जाता: आपला झेंडू आणि निशिगंध दोन्ही मेक्सिकोचे. नाहुआत्लमध्ये झेंडू ‘सेंपोआलशोचित्ल’, म्हणजे वीस-फूल, आणि निशिगंध ‘ओमिशोचित्ल’, हाडाचं फूल. दोन्हींत तोच शोचित्ल. तेव्हा लेखात पहिल्यांदा ‘फुलांचा देव शोचिपिल्ली’ लिहा, पुढे नुसतं शोचिपिल्ली.