हळदीचा डाग लाल का झाला?

प्रश्न : सुती सतरंजीवर वरण सांडलं. डागावर साबण घासला तर तो लालभडक झाला! आता कोणतं डाग काढायचं औषध आणू? (एक वाचक, लातूर)

उत्तर : घाबरू नका. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. साबण निघाला की पुन्हा पिवळी. महागडी बाटली नकोच. मेडिकलमधून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. आधी कोपऱ्यावर थेंबभर टाकून सतरंजीचा रंग जातो का पाहा. मग डागावर २ चमचे ओतून अर्धा तास ठेवा नि फडक्याने टिपा. चोळलं की डाग पसरतो. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. उरलेला पिवळेपणा ऊनच खातं, आणि उन्हाची आपल्याकडे काय कमी! रेशीम असलेल्या हिमरू शालीवर मात्र हा प्रयोग नको, ती ड्रायक्लीनला द्या.