सवलतीला हक्क समजू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तेहरानहून पुण्याला शिकायला आलेली तुझी मैत्रीण सांगते की तिची आई हल्ली डोक्यावर रुमाल न घेता बाजारात जाते आणि तिला कोणी अडवत नाही. कायद्यात मात्र त्याबद्दलची शिक्षा कायम आहे. मग इराणमधल्या बायका मोकळ्या झाल्या असे प्रबंधात लिहावे की नाही, असा तुला पेच पडला आहे. मैत्रीण खरे तेच सांगते, याविषयी मला शंका नाही. पण आज कोणी अडवत नाही एवढ्यावर थांबू नकोस. उद्या कोणी अडवायचे ठरवले तर त्याला रोखणारे काय आहे, ते शोध. घरमालकाने दोन महिने भाडे मागितले नाही म्हणून घर आपले होत नाही.

१९८३ मध्ये तिथे हिजाबविना बाहेर पडणाऱ्या स्त्रीला चाबकाच्या ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा कायद्याने ठरली. १९९७ मध्ये सुधारणावादी मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, रुमाल मागे सरकले, झगे आखूड झाले, आणि बदल झाला असे पुष्कळांनी मानले. हिजाबची सक्ती कायद्यात होती तशीच राहिली. पुढे कट्टरपंथी राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या काळात बायकांचा पेहराव तपासणाऱ्या गस्तीपथकांच्या गाड्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अशाच पथकाने पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी कोठडीत कोसळून मरण पावली. त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलींनी आजचा मोकळेपणा जीव देऊन मिळवला आहे, तो मी कमी लेखत नाही. तरीही गाडीत बसलेल्या बाईच्या डोक्यावर रुमाल नाही, असे कॅमेऱ्यात दिसताच गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर संदेश आले आणि गाड्या जप्त झाल्या. सवलत आहे, हक्क नाही.

नीलूफर अर्दलानचे उदाहरण प्रबंधात घे. ती तेव्हा इराणच्या महिला फुटसाल (पाच-पाच जणींचा, बंदिस्त जागेतला फुटबॉल) संघाची कर्णधार होती. तिथे विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. ती न मिळाल्याने २०१५ मध्ये मलेशियातली आशियाई स्पर्धा तिच्या हातून गेली. बोभाटा झाला, आणि त्याच वर्षी ग्वाटेमालाच्या स्पर्धेसाठी तिला खास परवानगी मिळाली. सगळ्यांना आनंद झाला. मला राग आला. एका बाईला एका प्रवासापुरती परवानगी देऊन नियम जसाच्या तसा राखला गेला, आणि लोक त्याला प्रगती म्हणाले!

मी हट्टी आहे, असे माझे सहकारी म्हणत. मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे असताना दाराची वेळ संस्थेने तोंडी सैल केली होती. ते लेखी द्या, असा आग्रह मी धरला, तो कोणालाच रुचला नाही आणि मला ते काम सोडावे लागले. नवे व्यवस्थापन येताच दार पुन्हा सातला बंद होऊ लागले. त्या मुलींसाठी आणखी भांडायला मी तिथे उरले नाही, याची हळहळ अजून वाटते. आग्रहाची मुळीच नाही.

तेव्हा ते प्रकरण पुन्हा लिही. मैत्रिणीला विचार, तिच्या आईला लेकीला भेटायला पुण्याला यायचे असेल तर पासपोर्टसाठी कोणाची सही लागेल. ते उत्तर बाजारातल्या हकिकतीशेजारी मांड आणि मगच मला वाचायला पाठव.

तुझी,
बाई